जुन्या दावणीला नवी घोडी

पुणे-सोलापूर रस्ता यवतजवळ सोडून उत्तरेला निघाले आणि मुळा-मुठेचा पूल ओलांडला की राहूचा शिवार लागतो. पुढे भीमा, आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका. दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्याला लोक राहू बेट म्हणतात. नजर पोचेल तिथवर ऊस, उसाच्या कडेला गुऱ्हाळांची धुराडी, आणि अलीकडे उसातच मुक्काम ठोकून बसलेला बिबट्या. अशा मुलखात घोड्याचे काम काय, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. पण वस्तीवर गोठ्याच्या एका टोकाला, म्हशींपासून जरा बाजूला, घोडी बांधलेली दिसते. आणि गेल्या काही वर्षांत अनेक दारांत एकीच्या शेजारी दुसरी आली आहे.

याचे एक कारण शर्यतीत आहे. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत बैलगाडा घाटात पळतो, आणि चार बैलांच्या बारीपुढे घोडी पळते. स्वार तिला पुढे काढतो, बैल तिच्या मागे सुटतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या, तेव्हा बैलांइतक्याच या घोड्याही दावणीला बसून राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. घाट पुन्हा गजबजले, पण मधल्या सात-आठ वर्षांत जुन्या घोड्या थकल्या होत्या. मग अकलूजच्या बाजारातून, सारंगखेड्याच्या यात्रेतून, कधी ओळखीच्या माणसाकडून नवी घोडी येऊ लागली. ती आली की मालकापुढे पहिल्याच संध्याकाळी प्रश्न उभा राहतो, हिला बांधायची कुठे? दावण एकच असते. मग जुनीच्या शेजारी खुंटी ठोकली जाते, आणि रात्री लाथांचे आवाज सुरू होतात.

घोडीची किंमत, तिचे भोवरे, चाल, दात हे सगळे पाहायला लोक चार गावे फिरतात. ती दारात आल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा विचार मात्र कोणी करत नाही, आणि इजा आणि आजार यांचा धोका त्याच महिन्यात मोठा असतो. म्हणून हा लेख त्या महिन्याबद्दल.

आधी हे सांगायला हवे की दुसरे जनावर आणायचा विचार मुळात बरोबर आहे. घोडा हा कळपाचा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि अगदी शेपटीमागची एक पट्टी सोडली तर त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. हे डोळे शिकारी ओळखण्यासाठी घडले आहेत. घोडा उभ्या-उभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि भोवती निर्धास्त वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. कळपात एक पडला की दुसरा उभा राहून राखण करतो. एकट्या घोडीला राखण करणारे कोणी नसते. राहूच्या पट्ट्यात तर रात्री उसातून बिबट्याचा वास येत असणार. एकटी घोडी मग जागच्या जागी झुलत राहते, गव्हाणीचे लाकूड कुरतडते, दात टेकवून हवा गिळते. लोक याला खोड म्हणतात. बहुतेक वेळा ते एकटेपणाचे आणि दिवसभर बांधून ठेवल्याचे दुखणे असते.

या मुलखाला घोडा नवा नाही. इंग्रजी अमलात इथला मोठा भाग भीमथडी तालुक्यात मोडत होता, आणि भीमथडीचे तट्टू हे मराठ्यांच्या फौजेचे नाव काढले की आठवणारे जनावर. ठेंगणे, कणखर, कमी चाऱ्यावर दिवसभर चालणारे. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचे गाव आजही आहे. कंपनी सरकारच्या काळात आलेगावातच सरकारी पैदाशीचा तबेला होता. १८१७ साली उभे राहिलेले पूना हॉर्स हे घोडदळ शिरूरच्या छावणीशी जोडलेले होते. म्हणजे नव्या घोड्याला जुन्या पागेत सामावून घेण्याचे काम इथल्या मोतद्दारांनी पिढ्यानपिढ्या केले आहे. पुढे पागा गेल्या, मोतद्दार गेले, आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही बरेचसे गेले. भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे, २०२३-२४च्या सुमारास, आणि तीही मुख्यतः भटक्या धनगरांनी ही जनावरे सांभाळून ठेवली म्हणून. २०१९च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून जेमतेम साडेतीन लाखांच्या आत उरली होती. २०१२च्या गणनेत ती सव्वासहा लाख होती. सात वर्षांत निम्म्याच्या आसपास घट झाली. उरलेल्यांपैकी एखादे जनावर आपल्या दारात येत असेल तर ते नीट राहावे, एवढी काळजी आपण घ्यायला हवी.

बाजारातून आणलेली घोडी थेट जुन्या घोडीच्या वाऱ्याला उभी करायची नाही, ही पहिली गोष्ट. सारंगखेड्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेत राजस्थान, गुजरात, पंजाबपासूनची जनावरे येतात. एकाच दावणीला बांधली जातात, एकाच बादलीत पाणी पितात. घोड्यांचा फ्लू एका खोकल्यातून पसरतो आणि एक ते तीन दिवसांत दिसू लागतो. २००८ साली जम्मूतल्या कटऱ्याहून सुरू झालेली त्याची साथ राज्याराज्यांत पोचली होती. स्ट्रँगल्स नावाच्या आजारात ताप येतो, नाकातून पू येतो, जबड्याखाली गाठी सुजून फुटतात. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला तीन दिवस ते दोन आठवडे लागतात. वरून बरी दिसणारी घोडीही घशामागच्या पोकळीत हे जंतू महिनोन्‌महिने बाळगू शकते.

आणि सर्वांत भयंकर तो ग्लँडर्स. नाकात आणि कातडीवर व्रण, फुप्फुसात गाठी, आणि तो माणसालाही होतो. त्याच्यावर जनावरात उपचार करत नाहीत. रक्ततपासणीत पक्का झाला तर जनावर मारावेच लागते. २००९च्या केंद्रीय कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. म्हणून घोडी घेताना दात पाहायच्या आधी ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला मागावा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरावे, मग घोडी पंचकल्याणी का असेना.

दाखला असला तरी निदान तीन आठवडे घोडी वेगळी ठेवायची. वेगळी म्हणजे गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. मळ्यात दुसरीकडे छप्पर असेल तिथे, किंवा शेजारच्या भावकीच्या वस्तीवर जिथे घोडे नाही तिथे. बादली वेगळी, तोबरा वेगळा, खरारा वेगळा, दोर वेगळा. आधी जुनीचे चारापाणी उरकायचे, मग नवीकडे जायचे, आणि परत आल्यावर हात धुवायचे. रोज सकाळ-संध्याकाळ ताप पाहायचा. घोड्याचे अंग साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट असते, त्यावर गेले की डॉक्टरला फोन. थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. लाखाच्या घोडीसाठी तेवढा खर्च जड नाही. याच तीन आठवड्यांत जंतांचे औषध, धनुर्वाताची लस आणि सर्र्‍यासाठी रक्ताची तपासणी उरकून घ्यावी. सर्रा चावऱ्या माश्यांनी पसरतो, आणि पावसाळा सरताना नदीकाठच्या गोठ्यात माश्यांना तोटा नसतो.

चाऱ्याचीही हीच वेळ. घोडी कुठून आली, तिथे काय खात होती, हे विचारून घ्यावे आणि शक्य तर चार-आठ दिवसांचा तोच चारा बरोबर आणावा. घोड्याला ओकता येत नाही. एकदम बदललेला चारा पोटात अडकला की पोटशूळ उठतो आणि घोडी तासाभरात घामाघूम होऊन लोळू लागते. कडब्याची कुटी, लसूणघास, हरभऱ्याची चंदी, जे द्यायचे ते आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायचे. बुरशी आलेला कडबा नको. शिरूर-दौंडच्या चाळीत सडलेला कांदा उरतो आणि म्हशींपुढे टाकतात तसा कोणी घोडीपुढे टाकतो. तो अजिबात टाकू नये. कांद्याने घोड्याचे रक्त फुटते, लघवी लालसर-तपकिरी होते आणि जनावर हातचे जाते.

आता खरी भेट.

घोड्यांच्या पुस्तकांत लिहिलेले असते की दोघांना शेजारी-शेजारी कुंपणात सोडा, मग मोठ्या कुरणात एकत्र सोडा. हे वाचून आमच्याकडचा शेतकरी पुस्तक मिटतो. राहूत कुरण कुठून आणायचे? एकर-दोन एकर जमीन मोकळी ठेवणे कोणाला परवडत नाही. घोडी दाव्याला असते, पुष्कळदा पुढून दोर आणि मागून पिछाडी. आणि इथेच घोटाळा होतो. मोकळ्या घोडीला नवीने कान पाडले तर जुनी चार पावले बाजूला सरकते, आणि भांडण तिथेच संपते. बांधलेली घोडी सरकू शकत नाही. मग इशाऱ्याचे रूपांतर लाथेत होते. घोड्यांत मार देण्यापेक्षा मार टाळण्याची भाषा फार मोठी आहे. कान मागे पडणे, मान लांब करणे, पुठ्ठे फिरवणे, शेपूट आपटणे, हे सगळे समोरच्याने निघून जावे म्हणून असते. निघून जायला जागाच ठेवली नाही, तर त्या भाषेचा उपयोग उरत नाही.

स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ साली हेच तपासले. काही अनोळखी घोड्यांना आधी शेजारच्या गाळ्यात ठेवले, मधून एकमेकांना पाहता-हुंगता येईल असे, आणि मग एकत्र सोडले. काहींना थेट सोडले. आधी शेजार झालेल्यांत अंगाला लागणारी मारामारी कमी झाली. कुंपणाआडचा शेजार भांडण मिटवत नसेल, पण ते अंगावर येण्याआधीच पुष्कळसे बोलून होते.

भीमेच्या अलीकडे एका वस्तीवर मी ही पहिली भेट जवळून पाहिली. वस्तीवरचे सगळे मालकांना आबा म्हणतात. त्यांची कुमेत घोडी बारा-तेरा वर्षांची, बारीपुढे पळून पाय थकलेली. नवी पाच वर्षांची, तांबडी, कपाळावर टिळा. तीन आठवडे नवी विहिरीजवळच्या छपरात होती. आबांच्या थोरल्या सुनेने तिचे चारापाणी आपल्याकडे घेतले होते आणि घरातल्या पोरांना तिकडे फिरकू दिले नव्हते. त्यानंतर गोठ्याला लागून बांबूचे आडवे तीन वासे बांधून दोन बाजू केल्या. वासे छातीच्या उंचीचे, सर्वांत खालचा गुडघ्याच्या वर, म्हणजे पाय अडकू नये. तार कुठेही नाही. जुनी एका बाजूला, नवी दुसऱ्या, दोघी मोकळ्या, मध्ये वासे.

नवी आत आली तशी कुमेत मान उंच करून थांबली. कान पुढे, नाकपुड्या फुललेल्या. मग ती सरळ वाशांपाशी गेली. दोघींनी नाकाला नाक लावले आणि एकमेकींच्या श्वासात श्वास सोडत राहिल्या, बराच वेळ, अंगाचा एकही स्नायू न हलवता. आणि एकाएकी कुमेत जोरात किंचाळली आणि पुढचा पाय तिने वाशावर आपटला. नवी मागे सरली. पोरे घाबरली. आबांचा धाकटा काठी घेऊन धावला तर आबांनी त्याला हातानेच थांबवले. नवी पुन्हा पुढे आली. पुन्हा श्वास, पुन्हा किंचाळी, पुन्हा पाय. असे चार-पाच वेळा झाले. शेवटी कुमेत वळून आपल्या पेंढीकडे गेली आणि खाऊ लागली. नवीसमोरही पेंढी होती, वाशापासून दूर टाकलेली. तिने तिथूनच, एक डोळा जुनीवर ठेवून, खायला सुरुवात केली.

ती किंचाळी ऐकून बहुतेक माणसे मधे पडतात. पडू नये. घोड्यांच्या पहिल्या भेटीत ती असतेच. कोण कोणापुढे सरणार, एवढेच ते ठरवत असतात. थांबवायचे ते तेव्हा, जेव्हा एक घोडी दुसरीला श्वासही घेऊ देत नाही, सतत वाशावर लाथा मारते, किंवा खाणेपिणे टाकते. तेव्हासुद्धा माणसाने दोघींच्या मधे शिरायचे नाही. हातात लांब दोर घेऊन बाहेरून एकीला हलवायचे. घोड्यांच्या भांडणात जखमी होणाऱ्यांत मधे गेलेल्या माणसांची संख्या कमी नसते.

एक आठवडा, दोन आठवडे वाशांमागे. इथे आबांनी मला एक गोष्ट दाखवली, आणि मला वाटते आपल्या मुलखातल्या या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यात आहे. कुरण नाही, पण वाट आहे. रोज पहाटे दोघींना दोन माणसांनी दोरावर धरून बांधाबांधाने नदीपर्यंत चालवत न्यायचे. पहिले तीन-चार दिवस एक पुढे आणि एक मागे, मधे चांगले दोन-तीन घोड्यांचे अंतर. मग अंतर कमी करायचे. मग बैलगाडीची वाट रुंद आहे तिथे शेजारी-शेजारी, माणसे मधल्या बाजूला. चालणाऱ्या घोड्याचे लक्ष वाटेवर असते, आणि चालताना दुसरा घोडा सोबतीला आहे ही गोष्ट त्याच्या अंगात मुरत जाते. भांडायला कारण कमी. वाटेत शेजारच्या शेतातला कुत्रा भुंकला तर दोघी एकाच वेळी दचकतात आणि एकाच वेळी शांत होतात.

हे आबांनी शोधून काढलेले नाही, आपल्याकडचीच जुनी रीत आहे. धनगरांचा वाडा दिवाळीनंतर कोकणाकडे निघतो तेव्हा मेंढ्यांच्या मागे-पुढे घोड्यांवर बिऱ्हाड लादलेले असते. भांडी, अंथरुणे, वर कोंबड्या, एखादे तान्हे कोकरू. बायाच ही घोडी लादतात, सोडतात, चारतात. वाड्यात नवे घोडे आले तर त्याला कोणी कुरण देत नाही. ते लादलेल्या घोड्यांच्या मागे चालू लागते. दिवसभर चालले, संध्याकाळी पायबंद घालून जरा अंतरावर सोडले, पुन्हा सकाळी चालले. माऊलींच्या सोहळ्यात शितोळे सरकारांचे दोन अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात, जवळपास तीनशे किलोमीटर. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी बसत नाही. तेच दोघे पुढे लाखोंच्या गर्दीत, टाळमृदंगाच्या गजरात रिंगणात एकामागे एक धावतात आणि बिचकत नाहीत. यवतच्या मुक्कामी तुकोबांची पालखी येते तेव्हा राहू बेटातले लोक तिथले अश्व पाहायला जातात. त्यांनी अश्वांच्या खुरांखालची माती कपाळाला लावावीच. जोडीने चालण्याची रीतही तिथून घरी आणावी.

चालणे जमले की मग सोडण्याचा दिवस. त्यासाठी तुटलेल्या उसाचे रान निवडू नये. खोडक्यांची टोके तीक्ष्ण असतात, खुराच्या तळव्यात घुसतात. बाजरी निघालेले, नांगर न लागलेले रान चांगले. ठिबकच्या नळ्या आधी गोळा कराव्यात, कारण पळत्या घोडीच्या पायात नळी गुंडाळली की ती बिथरते. कठडा नसलेली विहीर आणि प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे, हे इथले सगळ्यात मोठे धोके आहेत. शेततळ्यात उतरलेल्या जनावराला निसरड्या प्लॅस्टिकवरून वर येता येत नाही. रानाला काटेरी तार असेल तर त्या रानात सोडूच नये. दोघींचे मागचे नाल नालबंदाकडून आधी काढून घ्यावेत; नालाची लाथ हाड मोडते, नुसत्या खुराची बहुधा सुजेवर निभावते. पेंढ्या दोन घोड्यांना तीन किंवा चार, लांब लांब. पाणी दोन ठिकाणी. अरुंद कोपरा असेल तर तो वासे लावून बंद करावा, म्हणजे कोणी कोंडली जाणार नाही. वेळ सकाळची, दिवसभर माणूस हजर असेल अशी. रात्री मात्र बिबट्यामुळे दोघींना बंद गोठ्यातच घ्यावे, पण निदान पहिला महिना वेगवेगळ्या गाळ्यांत.

आबांच्या रानात दोघी सुटल्या तेव्हा आधी पळापळ झाली. नवी पुढे, कुमेत मागे, कान पाडून. दोन फेऱ्या. एकदा कुमेतने नवीच्या पुठ्ठ्याला दात लावले, केस उडाले, कातडी खरवडली, त्यापुढे काही नाही. मग दोघी घामेजून थांबल्या, फुरफुरल्या आणि वेगवेगळ्या पेंढ्यांना लागल्या. कुमेत दर थोड्या वेळाने नवीची पेंढी हिसकावायची, नवी निमूट पुढच्या पेंढीकडे सरायची. तीन पेंढ्या का ठेवायच्या ते तिथे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळले.

नव्या घोडीऐवजी नवा घोडा येणार असेल तर गणित बदलते. अंडील घोडा आणि घोडी एकत्र सोडणे म्हणजे अकरा महिन्यांनी शिंगरू, आणि घोडीची तयारी नसताना तो मागे लागला तर दोघांचीही मोडतोड. घोडा खच्ची केलेला असला तरी तो कधी केला ते विचारावे. नुकताच केलेला असेल तर निदान दीड महिना घोडीपासून लांब ठेवावा. गाभण घोडी शेवटच्या महिन्यांत असेल, किंवा तिच्या पायाशी शिंगरू असेल, तर नव्या जनावराची भेट पुढे ढकलावी. आई अशा वेळी कोणालाही जवळ येऊ देत नाही, आणि तिचे बरोबरच असते.

आणि या साऱ्यात जुन्या घोडीला विसरू नये. नवी आली की घरातली माणसे नवीभोवती जमतात, फोटो निघतात, नवा मोहरा, नवी झूल. जुनीचा खरारा चुकतो, चंदी उशिरा पडते. तिला हे कळते की नाही यावर वाद घालण्यापेक्षा तिची वेळ न चुकवणे सोपे आहे. आबा पहिल्या दिवसापासून चंदीचा तोबरा आधी कुमेतलाच चढवायचे. नवीने खिंकाळून कितीही हाक मारली तरी क्रम मोडला नाही. दावणीवरचा मान घोड्यांनी आपसांत ठरवायचा असतो, पण माणसाने निदान त्यात गोंधळ घालू नये.

घोड्यांत सख्य झाले हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे. दोघी उलट तोंडांनी उभ्या राहतात आणि एकमेकींच्या मानेच्या बुंध्याशी, जिथे आयाळ संपते आणि पाठ सुरू होते, तिथे दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ साली झालेल्या अभ्यासात दिसले की नेमके त्याच जागी खाजवले तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. मोतद्दार खरारा करताना त्याच जागी हात का रेंगाळवतात, हेही त्यातून उमगते. आबांच्या दोघींनी हे केले ते सोडल्यानंतर दुसऱ्या महिन्यात. तोवर त्या फक्त एकमेकींना सहन करत होत्या, आणि तेवढेही पुरेसे होते. काही जोड्यांत हे कधीच होत नाही. दोन वर्षांनीही एक दुसरीला गव्हाणीपाशी उभी राहू देत नाही, अशीही जनावरे असतात. तिथे दोन गाळे कायम ठेवावेत, शेजारी-शेजारी, एकमेकींना दिसतील असे. घोड्याला सोबत म्हणून तेवढेही भागते.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो अपयशानंतरच्या घाईचा. आठ दिवसांत जमले नाही की नवीला मारकी ठरवतात आणि पुढच्या बाजारात पाठवतात. तिथून ती आणखी एका दारात, पुन्हा एका अनोळखी दावणीला, पुन्हा पहिल्याच रात्री शेजारी बांधली जाते. तिसऱ्या-चौथ्या दारापर्यंत ती खरोखरच मारकी होते. बाजारात वाईट घोडी म्हणून ज्या स्वस्तात मिळतात, त्यांतल्या कित्येकींची खोड माणसांच्या घाईतून आलेली असते.

सगळे मिळून साधारण दीड-दोन महिने लागतात. तीन आठवडे वेगळे, दोन आठवडे वाशांआड, मग वाट, मग रान. ज्याच्याकडे एवढा वेळ नाही, वेगळे छप्पर नाही, की सकाळी घोडी चालवायला दोन माणसे नाहीत, त्याने दुसरी घोडी आणू नये. आधी वासे बांधावेत, विहिरीला कठडा घालावा, मग बाजाराला निघावे. आणि नवी दारात आल्यावर ताप, खोकला, नाकातला पू किंवा गाठ दिसली तर घरगुती उपायात दिवस घालवू नयेत. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक टोल-फ्री आहे, तो लावावा.